सुरतची पंगत, नाशिकची यजमानीण

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे, थोडक्यात असं: मुलीचं लग्न जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, सुरतला. मुलाकडचे सुरतचेच. दुपारचं जेवण मुलीकडून, पंगत, पारंपरिक गुजराती. माणसं 300, त्यातली 120 नाशिक-पुण्याकडची. जैन आणि स्वामिनारायण पंथाचे मिळून 40 जण. स्वयंपाकाला महाराज ठरवले आहेत. ते मजुरीवर येतात, सामान यजमानांनी भरायचं. त्यांनी 26 पदार्थांची यादी पाठवली आहे. ताई विचारतात: यातलं काय ठेवू, सामान किती भरू, महाराज बरोबर करताहेत हे मला कसं कळेल? आणि सगळंच गोड असेल तर आमची माणसं जेवतील का?

ताई, तारीख छान मिळाली आहे. धनुर्मासात गुजरातेत ‘कमुरतां’ असतात, तेव्हा लग्नं होत नाहीत. 14 जानेवारीच्या उत्तरायणाला ते संपतात आणि पुढचे काही आठवडे सुरती पापडी, तुरीचे ओले दाणे, पातीचा लसूण, मेथी हे सगळं बाजारात भरात असतं. म्हणजे सुरतकडच्या जेवणाला सगळ्यात चांगला काळ. तेव्हा यादीत आमरस असेल तर आधी तो काढा. जानेवारीतला आमरस डब्यातला असतो आणि सुरतच्या माणसाला तो पहिल्या घोटाला कळतो.

26 पदार्थ पंगतीत गरम वाढता येत नाहीत. वाढपी चौथ्या फरसाणापर्यंत पोचेतो पहिली पुरी गार झालेली असते. आमच्या मते एवढं ठेवा: मोहनथाळ, फरसाणात लिलवानी कचोरी (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आणि खमण, उंधियो (पापडी आणि कंदांची मिश्र भाजी), रसावाळा बटाटा आणि वाल, पुरी, दाळ, भात, पापड, कोबीचा संभारो (फोडणीत परतलेला कोबी), राईवाळ्या मिरच्या, छास म्हणजे ताक. विधीपुरता कंसार (गव्हाच्या पिठाचा गोड पदार्थ). दूधपाक, म्हणजे आटवलेल्या दुधाची खीर, मोहात पाडतो, पण 300 माणसांना 38-40 लिटर दूध लागतं आणि ते आटेपर्यंत एक माणूस ढवळत अडकून पडतो. तो माणूस दाळीपाशी उभा राहिला तर जास्त उपयोगाचा.

कारण तुमची परीक्षा दाळीवर होणार आहे. ‘दाळ बगडी एनो दिवस बगड्यो’ अशी तिकडे म्हणच आहे. लग्नातल्या दाळीला ‘वरानी दाळ’ म्हणतात, वरो म्हणजे मोठं जेवण. ती आपल्या आमटीची बहीण असली तरी आमटी नव्हे. जास्त पातळ, जास्त उकळलेली, गोड-आंबट, गोडा मसाला अजिबात नाही. वाटीभर पितात आणि नंतर भातावरही घेतात, म्हणून माणशी 200 मिली धरा, एकूण 60 लिटर. त्याला तूरडाळ 8 किलो पुरते.

गुजरातेत तूरडाळ दोन प्रकारची मिळते, कोरी आणि तेलिया. तेलियाला टिकण्यासाठी एरंडेल लावलेलं असतं. ती आणली तर कोमट पाण्यात चोळून तीन-चार वेळा धुवावी लागते, नाहीतर दाळीला एरंडेलाचा वास राहतो. निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात, आणि दोष जातो मसाल्याला.

8 किलो डाळीला गूळ 2 ते अडीच किलो, कोकम 450 ग्रॅम, शेंगदाणे 800 ग्रॅम, सुरण 2 किलो, खारीक 60-70. शेंगदाणे रात्री भिजवून वेगळे शिजवायचे, सुरणही वेगळा. डाळ हळद घालून अगदी मऊ शिजवायची, रवीने किंवा यंत्राने घुसळून एकजीव करायची, पाणी घालायचं आणि उकळी आल्यावरच कोकम. हा क्रम फार महत्त्वाचा. आंबट आधी पडलं की डाळीचा दाणा मऊ होत नाही, कितीही जाळ केला तरी. मग दाळ वाटीत बसते, वर पाणी आणि खाली गाळ. कोकमानंतर गूळ, आलं-मिरची, सुरण, दाणे, खारीक. फोडणीत मोहरी, जिरं, थोडे मेथीदाणे, लवंग, दालचिनी, सुक्या मिरच्या, कढीपत्ता, हिंग. त्यानंतर मध्यम आचेवर निदान पाऊण तास उकळू द्या. गूळ आणि कोकम एकमेकांत मिसळायला तेवढा वेळ लागतोच. दहा मिनिटांनी चाखलेली दाळ आधी गोड आणि मग आंबट लागते. पाऊण तासाने दोन्ही चवी एकदम येतात. महाराजांना काही न विचारता हे तुम्हाला चमच्यावर कळेल. मीठ शेवटी, 400 ग्रॅमपासून सुरुवात करून चाखत. भांडं स्टीलचं किंवा कल्हई केलेलं. कोकमाची दाळ उघड्या ॲल्युमिनियमच्या तोपात तासभर उकळवू नका.

आता 40 जणांचं. जैन मंडळी कांदा, लसूण, बटाटा, सुरण, ओलं आलं घेत नाहीत. स्वामिनारायण मंडळी कांदा-लसणाबरोबर हिंगही घेत नाहीत. दोघांसाठी दोन वेगळी भांडी मांडायची गरज नाही. घुसळलेल्या दाळीतून 8 लिटर बाजूला काढा. त्यात सुरण, आलं, हिंग काही नाही, आल्याऐवजी सुंठ चालते, शेंगदाणे बहुतेक जैनांना चालतात. एकाच पातेल्यात दोन्ही घरं सांभाळली जातात. फक्त ते पातेलं आधी भरा. मागून वेगळं काढू म्हणतात आणि तोवर हिंगाची फोडणी पडलेली असते. पातेल्याला वेगळा डाव आणि एकच ठरलेला वाढपी द्या. फार कडक पाळणारे जैन कच्च्या दह्याची छास डाळी-कडधान्याबरोबर घेत नाहीत, म्हणून छास ताटात आधीच ओतून ठेवू नये, विचारून द्यावी.

उंधियोवर थोडं जास्त बोलावं लागेल, कारण सामानाच्या यादीत तुमची पहिली गफलत तिथेच होईल. महाराज ‘रताळु’ लिहितील. ते आपलं रताळं नव्हे, ते जांभळं कोनफळ. आपल्या रताळ्याला ते ‘शक्करियां’ म्हणतात. ‘शिंग’ म्हणजे शेंगदाणे, ‘अजमो’ म्हणजे ओवा, ‘मरी’ म्हणजे मिरी आणि ‘मरचां’ म्हणजे मिरची, ‘खांड’ म्हणजे साखर, ‘लीलुं लसण’ म्हणजे पातीचा लसूण. आणि ‘मण’ तिकडे 20 किलोचा. भाजीवाला ‘अडधो मण’ म्हणाला की 10 किलो समजायचे.

300 माणसांना, बरोबर दुसरी भाजी आणि वाल असताना, तयार उंधियो 40-42 किलो लागतो. त्यासाठी सुरती पापडी 10 किलो (सुरतच्या कतारगामची म्हणून मागा), तुरीचे ओले दाणे 2, कोनफळ 5, रताळी 4, लहान बटाटे 5, लहान काटेरी वांगी 3, केळी 3 किलो. मुठियांना, म्हणजे मेथीच्या मुटक्यांना, कणीक-बेसन मिळून 2 किलो आणि निवडलेली मेथी दीड किलो. हिरव्या वाटणाला कोथिंबीर अडीच किलो, पातीचा लसूण 1 किलो, मिरची 600 ग्रॅम, आलं अर्धा किलो, खवलेला ओला नारळ 3 किलो, तीळ पाव किलो, दाण्याचं कूट अर्धा किलो. तेल 6 ते 7 लिटर. आकडा बघून दचकू नका, भाज्या पाण्यावर नव्हे, तेलात आणि स्वतःच्या वाफेत शिजतात. पापडी निवडायला, शिरा काढायला एका माणसाला किलोमागे अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे आदल्या दुपारी चार-पाच बायका बसवायला हव्यात. हे महाराजांच्या मजुरीत धरलेलं नसेल तर आत्ताच बोलून घ्या.

पापडीला तेल, ओवा आणि किलोमागे पाव चमचा सोडा चोळतात. सोड्याने रंग हिरवा राहतो, पण जास्त झाला तर पापडीचा लगदा होतो आणि साबणासारखी चव येते. तळाला पापडी, त्यावर वाटण भरलेले बटाटे आणि वांगी. कोनफळ आणि रताळी मोठ्या स्वयंपाकात आधी तळून घेतात, तेच बरं. ती शेवटच्या टप्प्यात घालायची, त्यांच्याबरोबर मुठिया आणि केळी. आधी घातली तर केळं विरघळतं, मुठिया फुगून फुटतात आणि त्यांचं पीठ तळाला लागतं. उंधियोत डाव फिरवत नाहीत, भांडं दोन्ही कानांना धरून उसळतात. 40 किलोचं भांडं कोण उसळणार? म्हणून एकाऐवजी 13-14 किलोची तीन पातेली लावायला सांगा. एकाच मोठ्या तोपाचा आग्रह झाला तर समजा की झारा फिरणार आणि पानात हिरवी खिचडी येणार. जैन आणि स्वामिनारायण मंडळींसाठी चौथं छोटं पातेलं: पापडी, तुरीचे दाणे, वांग्याऐवजी कच्ची केळी जास्त, मुठिया, वाटणात लसूण-आलं नाही, हिंग नाही.

महाराज काठियावाडी असतील तर ते लाल, रस्सेदार, लसणाच्या तिखटाचा उंधियो करतील. तोही चांगलाच, पण तुमच्या व्याह्यांना हिरवा आणि कोरडा सुरती अपेक्षित आहे. स्पष्ट सांगा. (तुमच्याकडच्या रायगडकरांना हा प्रकार चटकन कळेल. मडक्यात वालाच्या शेंगा रचून पालथं घालून भाजलेली पोपटी त्यांची, आणि उंधियोचं नावही ‘ऊंधुं’ म्हणजे उलटं यावरूनच.) उंधियो रात्री करून ठेवायचा नाही. ओला नारळ आणि हिरवं वाटण आहे, पंगत बसायच्या दोन-अडीच तास आधी शिजून उतरला पाहिजे.

मोहनथाळ मात्र दोन दिवस आधी करून घ्या. माणशी दोन वड्या, साधारण 80 ग्रॅम, एकूण 24 किलो. त्याला जाडं, लाडवाचं बेसन 8 किलो. प्रत्येक किलोला धाबा द्यायला 100 ग्रॅम गरम तूप आणि 100-120 मिली गरम दूध, भाजायला 700-750 ग्रॅम तूप, साखर 900 ग्रॅम, खवा पाव किलो. धाबा म्हणजे पिठाला तूप-दूध चोळून, दाबून अर्धा तास झाकून ठेवणं. मग ते जाड चाळणीतून घासून काढतात. वडीतला दाणा इथेच तयार होतो. बारीक बेसन घेतलं किंवा चाळणी टाळली तर मोहनथाळ न राहता बेसनाची बर्फी होते. मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचं, तूप सुटलं की खवा घालून परतायचं आणि खाली उतरवायचं. पाक साखरेच्या निम्म्या पाण्यात, दीडतारी. भाजलेलं मिश्रण कडकडीत असताना पाक ओतला तर पाक तिथेच पुढे शिजतो आणि वडी दगड होते, म्हणून हाताला सोसेल इतकं निवू द्यायचं. एकतारीवर उतरवला तर वडी सुटत नाही, चमच्याने खावी लागते. दोनतारी झाला की कापताना भुगा. ओतल्यावर पातळ दिसला तरी घाबरू नका, आठ तासांनी वड्या पडतात. तूप वर तरंगलं तर तेही बहुतेक परत शोषलं जातं. वेलची, जायफळ, केशर, वर बदाम-पिस्त्याचे काप.

कचोरीला 600 नगांसाठी तुरीचे सोललेले दाणे 10-11 किलो. शेंगा घेतल्या तर अडीचपट धरा. सारण ओलं राहिलं की कचोरी तेलात फुटते आणि पूर्ण घाणा काळा होतो. दाणे वाटून तेलावर चांगले कोरडे परतायचे, शंका वाटली तर पोह्याची पूड, आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही. खमणात हळद बेताची. सोडा नीट मिसळला नाही तर हळदीवर लाल ठिपके उठतात. पाहुणे ते मिरचीचे समजतात, महाराज तसंच समजू देतात.

वाल म्हणजे इथे मोठे पांढरे रंगूनी वाल, आपल्या बिरड्याचे कडवे नव्हेत. मोड आणायचे नाहीत, सोलायचे नाहीत. 8 किलो, दहा तास भिजवून पाणी फेकून द्यायचं, ओवा-हिंगाची फोडणी, गूळ आणि कोकम दाणा मऊ झाल्यावर. कारण दाळीचंच. स्वामिनारायण मंडळींसाठी एक पातेलं बिनहिंगाचं. रसावाळ्या बटाट्याला 20 किलो बटाटे पुरेत. भातासाठी सुरती कोलम 17 किलो, पुरीला कणीक 24 किलो (किलोत लहान 75 पुऱ्या, माणशी सहा), छासेला दही 15 किलो.

कंसार वधूवरांपुरता, अर्धा किलो जाडसर गव्हाचं पीठ. पिठाला तेलाचं मोहन, गूळ घातलेल्या उकळत्या पाण्यात ते सोडायचं, लाटण्याच्या दांड्याने भोकं पाडून झाकून मंद वाफेवर शिजवायचं. वर तूप आणि पिठीसाखर. फेऱ्यांनंतर दोघं एकमेकांना भरवतात. हा मंडपात वेळेवर पोचला पाहिजे, त्यासाठी एक माणूस नेमा. जेवणाच्या गडबडीत हाच विसरतो.

गोडाचं काय? सुरती हिरवं वाटण चांगलं झणझणीत असतं, त्यामुळे तुमची माणसं उपाशी उठणार नाहीत. दाळीत गूळ आहे तो कोकमाला तोलायला. तो कमी करायला लावू नका, नुसती आंबट दाळ दोन्ही बाजूंना आवडणार नाही. राईवाळ्या मिरच्या भरपूर ठेवा. नाशिकहून ठेच्याचा डबा आणलात तर तो सुरतकरच आधी संपवतील.

खरा घोळ वाढण्याच्या क्रमात होतो. आपल्याकडे पान वाढून झालं की वरणभात-तूप येतं आणि त्याने जेवण सुरू होतं. तिकडे मोहनथाळ, फरसाण, शाक (भाजी), पुरीने सुरुवात होते आणि दाळभात शेवटी. तुमचे 120 जण हात न लावता भाताची वाट बघत बसतील आणि वाढपी समजतील की जेवण आवडलं नाही. उपाय सोपा: भाताचे दोन घाणे, पहिला 5 किलोचा, पंगत बसतानाच तयार. नाशिककरांच्या ओळींत मूदभर भात, दाळ, तूप आधी फिरवायला सांगा. सुरतकरांच्या ओळींत क्रम त्यांचाच ठेवा. 100-100 च्या तीन पंगती असतील तर पुरीच्या कढया दोन हव्यात. एका कढईवर तिसऱ्या पंगतीला पुरी थांबून थांबून येते, आणि मग लोक मोहनथाळ नुसता खाऊन टाकतात.

शेवटी तुम्ही विचारलंय, उरलं तर परतीच्या गाडीत देता येईल का? मोहनथाळ द्या, कोरड्या डब्यात आठवडाभर सहज राहतो. कचोऱ्या त्याच रात्री संपवायच्या. उंधियो देऊ नका. सापुताऱ्याचा घाट चढून नाशिकला पोचेतो त्यातला नारळ आंबलेला असेल.